घोड्यावरची दुसरी

टाक झिजून झिजून साबणाच्या शेवटच्या वडीसारखा झाला होता. तीन बोटं उंच, दोन बोटं रुंद, आणि वर काहीच नाही. घोडा नाही, तलवार नाही, देव नाही. नुसती गुळगुळीत चांदी आणि कडेच्या खाचांत बसलेला पिवळाधमक भंडारा.

इंद्रजितने तो उजेडात धरला. उलटा केला. परत सुलटा केला.

"आज्जी, ह्यात खंडोबा कुठं हाय?"

"तुज्या हातात हाय की," उंच म्हातारी म्हणाली. "दिसंना व्हय? मग ते भिंग कशापायी लावलंयस डोळ्याला?"

दुसरी, बुटकी, पदर तोंडाला लावून हसली.

कवठे महांकाळच्या बाजारात, चपलांच्या दुकानाला चिकटून इंद्रजितचं दुकान. दुकान कसलं, एक खोली आणि पुढं फळी. घरच्या देवाऱ्यात ठेवायचे चांदीचे टाक करून देतो, अशी पाटी त्याने स्वतःच रंगवली होती. सोनार नव्हता तो. विट्याकडचा गलाईवाल्याचा पोरगा. बाप सयाजी कोइमतूरला जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचं काम करत होता, आणि इंद्रजितही बारावीनंतर तिथंच भट्टीपुढं बसला. लॉकडाऊनमध्ये गावी अडकला तेव्हा मोबाईलवर बघून बघून पितळेवर कोरायला शिकला. बाप अजून फोनवर म्हणायचा, "वितळवायला शिकवलं मी तुला. घडवायला न्हाई."

"कुणाचा रं तू? सोनाराचा?" उंच म्हातारीने विचारलं.

"न्हाई आज्जी. गलाईवाल्याचा."

"म्हंजे मोडणाऱ्याचा. बरं हाय, आमचं मोडायचंच हाय आदी." तिने फळीवर हात टेकले. "आमी सवती. म्या रंगुबाई, थोरली. ही धोंडुबाई. मालक अर्जुना, सा वर्सं झाली त्येंला जाऊन."

गावाचं नाव सांगावं तसं तिने ते सांगितलं. इंद्रजितने दोघींकडं परत एकदा बघितलं. सारखीच जांभळी लुगडी, एकाच गठ्ठ्यातून फाडलेली. कपाळाला सारखाच भंडारा.

"हीच चांदी नव्या टाकात घालायची," रंगुबाई म्हणाली. "कमी पडंल तेवढी तू घाल, पर ही समदी त्यात गेली पायजे. देव बदलायचा न्हाई, निस्ती कापडं बदलायची त्येची. आन जसा हुता तसाच काडायचा. आठ दिवसांनी सट हाय. सटीला तळी उचलायची, तवा देव घरात पायजे."

सट म्हणजे चंपाषष्ठी. मणी-मल्लाला मारून देव त्या दिवशी मोकळा झाला म्हणतात.

"जसा हुता तसा म्हंजे कसा?"

"घोड्यावर देव, म्होरं म्हाळसा, खाली कुत्रं."

"आन मागं बाणाई," धोंडुबाई हळूच म्हणाली.

"बाणाई नव्हती."

"हुती. खांद्यावर कोकरू घिऊन."

"अगं, रोज पूजा कोण करतं? तू का म्या?"

"तू."

"मग?"

"मग काय मग? हुती म्हंजे हुती."

"ऐक बाबा," रंगुबाई इंद्रजितला म्हणाली, "एकच काड. हिला रानात ऊन लागलंय." आणि पायातली चपल काढून हातात घेतली. "अंगठा तुटलाय. लावून आणते. तवर ही बडबड करंल, तू मनावर घिऊ नगं."

ती शेजारच्या दुकानात गेली. लगेच तिचा आवाज यायला लागला, चांभाराच्या आजोळापर्यंत पोचली होती.

धोंडुबाई दुकानाच्या पायरीवर टेकली. बाहेर दुपार नुसती सुस्तावली होती. पलीकडं डोंगराच्या कण्यावर पवनचक्क्या उभ्या होत्या, फिरतात का थांबल्यात ते कळत नव्हतं.

"बाणाई कशी आली घोड्यावर, ठावं हाय का तुला?" तिने विचारलं.

इंद्रजितला थोडं ठाऊक होतं, पण तो नाही म्हणाला.

"देव आन म्हाळसा सारीपाट खेळाया बसली. देव हरला. म्हाळसा म्हणली, बारा वर्सं घरात पाऊल टाकायचं न्हाई. देव घोड्यावर बसला, शिकारीला जातो म्हणला, आन गेला. कुटं गेला? धनगराच्या वाड्यावर. म्हाताऱ्याचं सोंग घेतलं, आन बाणाईची मेंढरं राखाया चाकर ऱ्हायला. देव रं! लेंड्या भरायचा, कोकरं पाजायचा. एकदा बाणाई म्हणली, मेंढरं धुवून आण. ह्यानं नदीवर नेली, आन धरलं पाय की आपट दगडावर, धरलं पाय की आपट. समदी मेली. बाणाईनं हंबरडा फोडला. मग ह्यानं भंडारा उधळला. एकेक मेंढरू अंग झाडून हुबं ऱ्हायलं." तिने हवेतच चिमूट सोडली. "आमच्यात म्हणत्यात, आदी लोकर पांढरीफेक हुती. त्या दिसापासनं जरा पिवळट मारती."

तिने बोटं पदराला पुसली. मग म्हणाली, "म्या सतरा वर्साची हुते. धा मेंढरं घिऊन नांदाया आले. ही थोरली पंधरा दिस माझ्याशी बोलली न्हाई. भाकरी पुढ्यात सरकवायची, भिताडाकडं बगून. म्या बोचकं बांधलं. जाते म्हणलं माघारी. तवा मालकानं देवळीतला टाक काडला, धोतराच्या सोग्यानं पुसला, आन मला दावला. म्हणलं, ही म्होरली म्हाळसा, ती रंगी. ही मागली, कोकरूवाली, बाणाई. ती तू. देवाला दोघी लागल्या, तर म्या कोण लागून गेलो? म्या बोचकं सोडलं बग."

"मग हुतीच की बाणाई."

"आरं, पर संध्याकाळ हुती. चिमणीचा उजेड. त्यो म्हणला तसं मला दिसलं. त्येच्यामागं टाक कवा हातात आला न्हाई माझ्या. पूजा थोरलीची, म्या मेंढरामागं. वर्सातलं आठ म्हैनं रानात." तिने गुडघा चोळला. "आन मालक लय गप्पाडा हुता गड्या. बाजारात म्हातारी मेंढी चार दाताची म्हणून खपवायचा, मेंढीच्या तोंडात बोट घालून. मग ही म्हणती बाणाई नव्हतीच, तवा मनात येतं, मला बी तशीच खपवली का काय? त्येवढंच कळाया पायजे रं मला. खरं बोलला का गप करायला बोलला."

"धोंडे! ऊठ, वडापची जीप सुटंल!" बाहेरून हाक आली.

दोघी गेल्या. एकीच्या पायात नवा अंगठा, दुसरीच्या टाचेला भेगा. जाताना रंगुबाई धोंडुबाईच्या हातातली पिशवी ओढून घेत होती आणि ती सोडत नव्हती.

इंद्रजितने मग सगळे उपाय केले. भिंग बदललं. टाक तिरपा धरला. काजळी फासून कागदावर उमटवून बघितला. कागदावर नुसता काळा चौकोन आला. शेवटी त्याने डोळे मिटून त्यावर अंगठा फिरवला. चांदी कोमट होती. मधे कुठंतरी किंचित खोलगट लागत होतं, अंगठा बसावा एवढंच.

तसाच बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला. पिवळं माळरान होतं. मेंढरं चालली होती, पण खुरांचा आवाज नव्हता. मागून एक घोडा आला, पाठ रिकामी, नुसता लगाम हलत होता, जणू कुणीतरी धरलाय. घोडा इंद्रजितपाशी थांबला आणि त्याने मान वळवून पाठीमागं बघितलं. इंद्रजितही बघायला लागला. मागं माळच होता, आणि माळावर भंडाऱ्याचा धुरळा, खाली न बसणारा.

जागा झाला तेव्हा चपलवाला शटर अर्धं ओढून जेवत होता.

आता करायचं काय? त्याने ठरवलं, थोरली म्हणते तसाच करू. पूजा तिची, नजर तिची. एक म्हाळसावाला ठसा तयार होताच कपाटात. जुना टाक आटवला, पत्रा ओढला, ठशावर ठोकला की संध्याकाळपर्यंत देव तयार. गलाईवाल्याचा हात, बर्नरकडं आपोआप गेला. त्याने टाक मातीच्या कौलावर ठेवला आणि खालून ज्योत लावली.

पहिल्यांदा हळदीचा करपट वास आला. मग दुसराच, गोडसर, राळेचा. टाकाच्या पाठीवरून काळा थेंब ओघळला.

"आयला, लाख!"

जुन्या टाकांच्या पोकळ पाठीत लाख भरलेली असते आणि वर तांब्याचा पत्रा बसवलेला असतो. सोनाराच्या पोराला हे पाळण्यात कळतं. इंद्रजित आटवणारा, त्याने कधी कुठल्या टाकाची पाठ उघडून बघितलीच नव्हती. सगळं मुशीत टाकायची सवय. त्याने ज्योत बंद केली, चिमट्याने टाक धरला. तांब्याचा पत्रा अलगद सुटून खाली पडला. रॉकेलच्या बोळ्याने त्याने लाख पुसली. एकदा, दोनदा.

आणि तिथं देव बसला होता.

पुढून तीन पिढ्यांच्या बोटांनी पुसलेला देव पाठीमागं जसाच्या तसा होता, चांदीत खोल गेलेला. घोड्याच्या मानेवरची झूल, देवाची मिशी, खाली कुत्र्याची वर उचललेली शेपटी. पुढं नथ घातलेली म्हाळसा. आणि मागं, देवाच्या कमरेला हात घालून, खांद्यावर कोकरू घेतलेली एक बाई. कोकराचे कानसुद्धा होते.

इंद्रजित मोठ्याने हसला. "मालक खरं बोलला गड्या," तो रिकाम्या दुकानात म्हणाला.

मोबाईलवर फोटो काढायला त्याने टाक दारातल्या उन्हापुढं धरला, तेव्हा त्याला दुसरी गोष्ट दिसली. बाणाईच्या तोंडापाशी चांदी इतकी पातळ झाली होती की तिथं मोहरीएवढं भोक होतं. त्यातून ऊन आरपार येत होतं आणि त्याच्या शर्टाच्या खिशावर एक बारीक ठिपका हलत होता.

त्याच दिवशी त्याने नवा ठसा कोरायला घेतला.

चौथ्या दिवशी रंगुबाई एकटीच आली. "चपल चावती," म्हणाली, आणि चपलवाल्याकडं न जाता इंद्रजितच्या फळीपाशी उभी राहिली. "झाला का?"

इंद्रजितने तिच्या हातात जुना टाक दिला, पाठ वर करून. मग भोक दाखवलं. "सगळ्यात जास्त हितं झिजलंय, आज्जी. म्हाळसाचं तोंड एवढं झिजलेलं न्हाई. देवाचं बी न्हाई."

रंगुबाईने टाक उन्हात धरला. ठिपका तिच्या कपाळावर पडला. उजव्या हाताचा अंगठा पिवळा होता, नखापर्यंत, आणि पुढून चपटा.

"हुती तर," ती म्हणाली.

"तुमी तर न्हाई म्हणला हुता."

"धा-बारा वर्सं झाली, मला एकच दिसत हुती रं." ती पायरीवर बसली, त्या दिवशी धोंडुबाई बसली होती तिथंच. "ही घरात आली तवा म्या रोज भंडारा लावताना आदी हिच्या तोंडावर अंगठा ठेवायची. दाबून. तेवढ्या वक्ताला तरी तोंड दिसू ने म्हणून. म्हाळसाला निस्तं टेकवायची, देवाला टेकवायची, आन हिला दाबायची. लय वर्सं केलं."

"मग?"

"मग एका साली माझं पोरगं तापानं फणफणलं. मालक मेंढरं घिऊन लांब. हिनं पाठीवर घेतलं आन तीन कोस चालत डाक्टराकडं नेलं. पोटुशी हुती सोता. पोरगं वाचलं." तिने ओठ चावला. "त्येच्यामागं बी आदी अंगठा हिलाच लागायचा. आता दाबायचं म्हणून न्हाई. ती रानात, पावसापाण्यात, म्या छपराखाली. तिला आदी लावल्याबिगार जिवाला बरं वाटंना. पर अंगठा त्योच की. त्येला काय कळतंय, राग हाय का माया? त्यो घासतोच."

शेजारी चपलवाला टाच ठोकत होता. ठक, ठक.

"एक दिस बगितलं तर तितं काईच न्हाई. म्या म्हणलं, पुसली म्याच. आता कुणी इचारलं, बाणाई कुटं गेली, तर काय सांगू? त्येच्यापरीस नव्हतीच म्हणलेलं बरं."

"आता किती काढू? एक का दोन?"

"दोन काड." ती उठली. "पर ह्ये भोक हाय न्हवं, ते तिला दावू नगं."

इंद्रजितने तिच्यादेखतच तो टाक मुशीत टाकला. चांदी लाल झाली, मग थरथरली, मग आरशासारखी झाली. त्यात एक क्षण रंगुबाईचं तोंड दिसलं आणि हललं.

सटीच्या आदल्या दिवशी टाक झाला. कडा घासून, चिंचेने धुवून त्याने फळीवर उभा केला आणि लांबून बघितला. चांगला झाला होता. देवाची मिशी जरा जास्त वळली होती, पण चांगला. मग त्याने सहज मोबाईलवरचा फोटो उघडला आणि टाकाशेजारी धरला. दोन्हीतला घोडा एकाच बाजूला बघत होता, पण फोटो तर पाठीचा होता.

ठशात कायम उलटं कोरावं लागतं, म्हणजे पत्र्यावर सुलटं उठतं. एवढं तो शिकला होता. पण टाकाची पाठ मुळात उलटीच असते. त्याने पाठीवरचा घोडा सुलटा समजून बघितला आणि शिकल्याप्रमाणं उलटा कोरला. आता घोड्याचं तोंड जुन्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला होतं. जसा हुता तसाच, असं बजावून सांगितलं होतं. नवा ठसा कोरायला चार दिवस, आणि हातात एक रात्रही नीट नाही. त्याने बापाला फोन लावला, आणि वाजायच्या आतच कट केला. बाप काय म्हणणार ते त्याला ठाऊक होतं.

सटीला सकाळी सकाळी दोघी आल्या. रंगुबाईच्या पिशवीतून वांग्यांची देठं बाहेर आली होती.

"आज्जी, चूक झालीया," तो आधीच म्हणाला. "घोडं उलटं आलंय."

"उलटं म्हंजे? पाय वर?" रंगुबाईने विचारलं.

धोंडुबाईने मात्र टाक उचलला होता. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मग डोळे मिटून अंगठ्याने चाचपला. घोड्याची मान, देव, आणि मागं. अंगठा तिथं थांबला. कोकराच्या कानांवरून दोनदा फिरला.

"हाय की गं," ती पुटपुटली. मग डोळे उघडून इंद्रजितकडं बघितलं. "खरं सांग पोरा. जुन्या टाकावर हुती, म्हणून काडलीस, का मला बरं वाटावं म्हणून काडलीस?"

जुना टाक तर त्याच चांदीत विरला होता. इंद्रजितचा हात खिशातल्या मोबाईलकडं गेला. फोटोत बाणाई होती. फोटोत ते भोकही होतं.

"हुती," रंगुबाई म्हणाली.

धोंडुबाई वळली.

"हुती गं. म्या रोज बगायची. म्याच झिजवली तिला, ह्या अंगठ्यानं. आता इचारू नगं कशापायी, लय लांबडं हाय त्ये."

धोंडुबाईने रंगुबाईचा अंगठा बघितला, जसा काही आज पहिल्यांदाच बघते. मग टाक तळहातावर ठेवून नाक ओढलं आणि म्हणाली, "म्हंजे मालक खरं बोलला."

"आयुष्यात एकदा," रंगुबाई म्हणाली.

दोघी हसल्या. इंद्रजितने मोबाईल खिशातच ठेवला.

"पर घोडं, आज्जी..."

"आण बगू." रंगुबाईने टाक घेतला, फळीवर ठेवला, घरच्या देवळीत ठेवतात तसा. बराच वेळ बघत राहिली. "जुनं घोडं दाराकडं तोंड करून असायचं, न्हवं का गं?"

"व्हय. शिकारीला निघाल्यावाणी."

"आन ह्ये?"

धोंडुबाईने मनातल्या मनात घर उभं केलं. इकडं दार, तिकडं देवळी, कोपऱ्यात चूल. "ह्येचं तोंड चुलीकडं येतंय की."

"मग चुकलं कसं?" रंगुबाई म्हणाली. "शिकारीला जातो म्हणून गेला हुता. बारा वर्सं झाली, आला माघारी. एकला न्हाई आला, तिला पाठीमागं बसवून आणलंय घरला." तिने इंद्रजितकडं बघितलं. "ऱ्हाऊ दे त्ये असंच. आता परत बदलून त्येला दाराकडं लावू नगं."

पिशवीतून तिने भंडाऱ्याची पुडी काढली. नव्या देवाला पहिला भंडारा लावायचा मान थोरलीचा. तिने चिमूट घेतली, अंगठा टाकापर्यंत नेला, आणि थांबली. मग पुडीच धोंडुबाईपुढं धरली.

"तू लाव."

"म्या? मला कुटं येतंय?"

"येतंय काय त्यात? रानात मेंढराला खुणेचा रंग लावतीस न्हवं? तसंच. आदी म्हाळसाला लाव. आता माझी पाळी."

धोंडुबाईने बोटं पुडीत बुडवली. तिचा अंगठा काळा, भेगाळलेला, त्यावर पिवळा भंडारा चढला. तिने तो म्हाळसाच्या तोंडावर टेकवला.

"दाबून लावू नगं," रंगुबाई म्हणाली.

"गप बस. माझा अंगठा हाय."

आणि तिने तो उचलला नाही, बराच वेळ. बाहेर वडापवाला हॉर्न देत होता. डोंगरावरच्या पवनचक्क्या आज फिरत होत्या, सगळ्या एकाच दिशेला.